जिओजेब्रा आणि नववी ‘ब’: जून ते नोव्हेंबरच्या प्रकल्प नोंदी

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं मराठी माध्यमाचं हायस्कूल. नववी ‘ब’, पट ४१. दर गुरुवारी जोडून दोन तास, म्हणजे ८० मिनिटं कंप्युटर लॅब आमच्या वाट्याला येते. आमच्यानंतर कन्नड माध्यमाची नववी असते. जिओजेब्रावर (आकृती काढून ती माऊसनं ओढून बघायचा कंप्युटर प्रोग्राम) भूमिती शिकवायची असं ठरवलं आणि वही घातली. बहुतेक नोंदी परतीच्या बसमध्ये लिहिल्यात, त्यामुळे अक्षर आणि मनःस्थिती दोन्ही हलती आहे. आमच्या भागात दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर माझ्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत, एवढाच हेतू.

११ जून

लॅबचं कुलूप उघडायला किल्ली सापडेपर्यंत अर्धा तास. दहा मशीन, त्यातली सहा चालू. दोन मशीन सुरू करताना दर वेळी तारीख विचारत होती. आतली नाण्यासारखी बॅटरी संपलेली. गावातल्या घड्याळवाल्याकडे तीच मिळाली, ३० रुपयाला एक. माऊस मात्र चारच धड होते. बाकीच्यांच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या.

शनिवारची शाळा सुटल्यावर बेळगावला जाऊन खडे बाजारातून चार माऊस आणायचे ठरवले (२२० ला एक), आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड ३८० चा. बॅटऱ्यांसह १,३२० रुपये. बिल ऑफिसात देईन म्हटलं तर बघू म्हणाले. तूर्त माझ्या खिशातून.

एक चूक माझीही. हौसेनं जिओजेब्राची सहावी आवृत्ती टाकली. या जुन्या मशिनींवर ती उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. सगळी काढून पाचवी टाकली, ती पटकन उघडते आणि इंटरनेट लागत नाही. यात अख्खी दुपार गेली. जुनं मशीन असेल तर थेट पाचवीच घ्या.

हेडसरांनी विचारलं, “फुकट कोण देतं हे? नंतर पैसे मागणार नाहीत ना?” सांगितलं, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर नावाच्या विद्यार्थ्यानं २००१ च्या सुमारास आपल्या पदवीच्या कामासाठी हे सुरू केलं, आणि शाळांना ते फुकटच आहे. सरांना विद्यार्थ्यानं केलंय हे आवडलं. सही मिळाली.

१९ जून

पहिला तास. प्रोजेक्टर लावला, माऊस माझ्या हातात. त्रिकोण काढला, तिन्ही कोन मोजले, एक शिरोबिंदू धरून ओढला. बेरीज १८०. पुन्हा ओढला, १८०. मुलं खूश. मीही खूश.

शेवटी विचारलं, “१८०च का येते?”

“टीचर, कंप्युटर दाखवतोय की.”

ऐंशी मिनिटांत मुलांनी केलेलं काम म्हणजे बघणं. फळ्यावर मी हेच वीस मिनिटांत करते आणि निदान समांतर रेषा तरी काढते. आजचा दिवस वाया, असं स्पष्ट लिहून ठेवते. प्रोजेक्टर आता कपाटात.

२६ जून

सहा मशीन आणि माझा लॅपटॉप, सात जागा. ४१ मुलं एकदम बसली तर एका माऊसवर सहा हात. म्हणून दोन गट पाडले. पहिली ४० मिनिटं एक गट लॅबमध्ये, दुसरा बाहेर व्हरांड्यात वही-कंपासपेटी घेऊन. मग अदलाबदल. तीनला एक माऊस.

काम दिलं: चौरस काढा. पाठीमागची जाळी चालू होतीच, सगळ्यांनी चौकटी मोजून टकाटक चौरस काढले. मग सांगितलं, शेजारच्या गटाच्या मशीनवर जा आणि त्यांच्या चौरसाचा एक कोपरा ओढा.

सात चौरसांपैकी सातही मोडले. एक मुलगी रागानं लाल. “टीचर, त्यांनी आमचा चौरस विस्कटला!”

“चौरस होता का तो?”

“होता की. दिसत होता.”

हा ‘दिसत होता’ यापुढे वर्षभर पुरणार असं दिसतं.

यात तांत्रिक घोळ बराच झाला. ओढायच्या वेळी बिंदूचं बटण चालूच राहिलं, त्यामुळे प्रत्येक टिचकीला नवा बिंदू. एका मशीनवर साठेक बिंदू, पुरळ उठल्यासारखे. उपाय: ओढण्याआधी कीबोर्डचं एस्केप दाबायचं, बाणाचं बटण आपोआप येतं. प्रत्येक मॉनिटरवर चिकटपट्टीनं चिठ्ठी लावली: ‘आधी एस्केप, मग ओढा. चुकलं तर कंट्रोल-झेड.’ आणि रंगाचा नियम मुलांनीच काढला: गडद निळा कुठंही जातो, फिका निळा आपल्या वाटेवरच घसरतो, काळा स्वतःहून हलतच नाही, दुसऱ्यामुळे हलतो. रचनेत कोण कुणावर अवलंबून आहे हे मला याहून सोपं सांगता आलं नसतं.

दुसऱ्या खेपेला नियम बदलला: कुणीही ओढलं तरी चौरसच राहिला पाहिजे. एका गटानं ए केंद्र धरून एबी एवढं वर्तुळ काढलं, त्यावर डी घेतला, मग बी आणि डी केंद्र धरून तेवढीच वर्तुळं काढून सी मिळवला. ओढल्यावर चारही बाजू सारख्याच राहिल्या, पण आकृती कलली. “टीचर, चौरस झोपला!” समभुज चौकोन झाला होता. काय टिकलं आणि काय निसटलं, यावर त्या तिघांचं जे भांडण झालं तो आजचा खरा तास. पुढे त्यांनी ए वर लंब काढून डी त्या लंबावर आणला. मग उठून बसला.

३ जुलै

आज फजिती झाली, ती तपशिलात लिहिते.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज पुन्हा घेतली, या वेळी मुलांच्या हातात. दशांशाचे आकडे बघून गोंधळ नको म्हणून मी आदल्या दिवशी सगळ्या मशीनवर ‘राउंडिंग’ शून्य दशांशावर ठेवलं होतं. पंधरा मिनिटांनी तीन नंबरच्या मशीनवरून हाक आली: “टीचर, १८१ भरलं.”

खरंच भरलं होतं. ४६, ६८, ६७. पाचव्या मशीनवर १७९. मी आधी म्हणाले, तुमची बेरीज चुकली असेल. चुकली नव्हती. दोन दशांशावर आणल्यावर कळलं, मूळ कोन ४५.६, ६७.७ आणि ६६.७ होते. बेरीज बरोबर १८०, पण प्रत्येक जण वर चढला आणि मिळून एक अंश जास्तीचा झाला.

मी सेटिंग दुरुस्त करून विषय मिटवणार होते. पण मागच्या बाकावरचा, एरवी खिडकीबाहेर बघणारा एक मुलगा म्हणाला, “मग दोन दशांशावर पण तसंच होणार की. ०.०१ नं चुकणार.” आम्ही शोधलं. दहा-बारा मिनिटं ओढत राहिल्यावर १८०.०१ सापडलं. पंधरा दशांशापर्यंत नेलं तरी कंप्युटर कुठंतरी तोडणारच, हे मुलांनीच मान्य केलं.

“मग १८०च आहे हे कशावरून?” मी विचारलं. १९ जूनला हाच प्रश्न विचारला तेव्हा तो कुणाला प्रश्नच वाटला नव्हता. आज कुणी कंप्युटरचं नाव घेतलं नाही. एकीनं पायाला समांतर रेषा काढायची आठवण केली.

आता राउंडिंग मुद्दामच शून्यावर ठेवते.

१० जुलै

कणकुंबी, जांबोटीकडे धो धो पाऊस, बस नाही. १७ मुलं हजर. गट पाडायची गरज नाही.

अर्धवर्तुळातला कोन घेतला. व्यास एबी, वर्तुळावर बिंदू पी, कोन एपीबी. पी फिरवला, ९० जागचा हलेना. मुलं ‘होय, काटकोन’ म्हणून मोकळी होणार तेवढ्यात एकानं पी व्यासाच्या खाली नेला. कोन २७०.

“टीचर, प्रमेय मोडलं!”

मला उत्तर माहीत होतं, कारण रविवारी घरी माझंही मोडलं होतं आणि मी दीड तास घालवला होता. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेनं मोजतो. पी खाली गेला की बाहेरचा कोन धरतो. कोनाच्या गुणधर्मात जाऊन मर्यादा ० ते १८० अंश केली की प्रश्न सुटतो. पण मी गप्प बसले. दोघांनी ३६० मधून ९० वजा करून दाखवलं. आणि एकीनं विचारलं, “मग अगोदर ९० होता तो तरी आतलाच होता कशावरून?” हे मला सुचलं नव्हतं.

मात्र का ९० येतो याकडे आज आम्ही गेलोच नाही. वेळ २७० नं खाल्ला. केंद्र जोडून दोन समद्विभुज त्रिकोण करा, एवढा इशारा देऊन घरी करायला सांगितलं.

१७ जुलै

घरचा अभ्यास कुणीच केला नव्हता. एका वहीत लिहिलंय: ‘आम्ही बारा ठिकाणी मोजलं, ९० आला, म्हणून सिद्ध.’ बाराही ठिकाणांची मापं तक्त्यात, सुवाच्य अक्षरात. रागवायचं तरी कशासाठी? मीच मोजायला शिकवलंय.

२४ जुलै

मापाची बटणं काढून टाकली.

पाचव्या आवृत्तीत ‘टूल्स’मध्ये बटणांची पट्टी आपल्याला हवी तशी करता येते. कोन, अंतर, क्षेत्रफळ, चढ ही चारही बटणं उडवली आणि फाईल जतन केली. पट्टी त्या फाईलबरोबरच जाते, म्हणून प्रत्येक मशीनवर तीच फाईल उघडायची. डावीकडची बीजगणिताची पट्टीही बंद (कंट्रोल-शिफ्ट-ए), नाहीतर मुलं तिथले आकडे चोरून बघतात. जाळी आणि अक्ष बंद. पांढरा पडदा.

आणि तास साफ पडला. मापं नाहीत म्हटल्यावर मुलांना काय करायचं तेच कळेना. मी विचारलं, “काय दिसतं?” उत्तरं: “त्रिकोण दिसतो.” “रेषा दिसतात.” “छान दिसतं.” वीस मिनिटं शांतता, मग रंग बदलण्याचं बटण कुणाला तरी सापडलं आणि उरलेला तास रंगपंचमी.

कन्नड माध्यमाचे सर त्यांचा वर्ग घेऊन दारात उभे होते. हसून म्हणाले, “टीचर्री, तुम्ही मुलांना काय दिसतं विचारालाय. दिसायला काय, सगळंच दिसतं.” खरं आहे. प्रश्न चुकला होता, बटणं नव्हे.

३१ जुलै

नवे प्रश्न तीनच, फळ्यावर लिहून ठेवले. ओढायच्या आधी: काय होईल? ओढताना: काय बदलत नाही? ओढल्यावर: का?

पहिल्याचं उत्तर वहीत पेननं लिहिल्याशिवाय माऊसला हात लावायचा नाही. पेन्सिल चालणार नाही, कारण खोडतात. हे कडकपणे पाळलं. कुरकुर झाली.

एक गोष्ट महिनाभर डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती. आधी व्हरांड्यात बसून मग लॅबमध्ये येणारा गट दर वेळी जास्त भांडतो. कागदावर हातानं काढून आलेला असतो, त्याचं काहीतरी मत झालेलं असतं. पहिल्या गटाला मत नसतं, नुसता माऊस असतो. पुढच्या वेळेपासून आधी वीस मिनिटं सगळेच व्हरांड्यात. लॅबची वेळ कमी होईल, होऊ दे.

७ ऑगस्ट

आजचा तास लांबवून लिहिते, कारण असा पुन्हा मिळेल की नाही माहीत नाही.

प्रश्न गावचा दिला. तीन वाड्या आहेत, पाण्याची टाकी अशी बांधायची की तिन्हींपासून सारखंच अंतर. कुठं? व्हरांड्यात कागदावर ए, बी, सी घेऊन सगळ्यांनी अंदाज लिहिला. एकेचाळीसपैकी अडतीस जणांनी लिहिलं, ‘त्रिकोणाच्या आत, मधोमध’. दोघांनी मध्यगा काढल्या. एकानं लिहिलं, ‘सरपंचाच्या घराजवळ’.

लॅबमध्ये तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक (बाजूच्या बरोबर मध्यावरचा लंब) काढले. छेदबिंदू नजरेनं नव्हे, ‘इंटरसेक्ट’नंच घ्यायचा, हे चौरसाच्या दिवसापासून पक्कं आहे. टाकी ओ. मग सी ओढायला लावला. कोन विशाल झाला की टाकी बाजू ओलांडून बाहेर. अडतीस अंदाज एकदम खोटे पडले तेव्हाचा गलका ऑफिसपर्यंत गेला, शिपाईमामा बघून गेले. एका खोडकरानं सी ओढत ओढत एबी च्या रेषेतच बसवला. टाकी पडद्याबाहेर पळाली ती पळालीच, रेषा समांतर. “तिन्ही वाड्या एका रस्त्यावर असल्या तर टाकीच नाही,” तो म्हणाला. हे मी शिकवणार होते, तो आधी बोलला.

आता का. तिन्ही रेषा एकाच बिंदूतून का जाव्यात? दोन रेषा कुठंतरी छेदतात हे ठीक, तिसरीनं तिथूनच जावं अशी तिला काय गरज?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग जी मुलगी चौरस विस्कटला म्हणून चिडली होती तिनं माऊस सोडून वहीत खुणा करायला सुरुवात केली. तिचे शब्द तसेच लिहून घेतले:

“पहिल्या रेषेवर आहे म्हणून ओ हा ए पासून आणि बी पासून सारखा. दुसरीवर पण आहे म्हणून बी आणि सी पासून सारखा. मग ए आणि सी पासून पण सारखाच झाला की. मग तिसरीवर असणारच.”

मी ‘शाब्बास’ म्हणाले. टाळ्या झाल्या. मी फळ्याकडे वळले, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“याक?”

कन्नड सर वर्ग घेऊन लवकर आले होते. आमच्या मुलांना ‘याक’ म्हणजे ‘का’ हे सांगावं लागत नाही. सर मराठीत म्हणाले, “ए पासून आणि सी पासून सारखा आहे, मान्य. म्हणून तो लंबदुभाजकावरच असणार, हे याक?”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी सरांकडे. खरं सांगायचं तर हा दुवा मी स्वतःच गिळला होता. दुभाजकावरचा बिंदू दोन्ही टोकांपासून सारखा, हे आम्ही केलं होतं. सारखा असलेला बिंदू दुभाजकावरच, हे उलटं विधान केलंच नव्हतं. दोन्ही एकच आहे असं मुलांना वाटतं, आणि आज लक्षात आलं, घाईत मलाही.

तास संपला होता. सरांनी त्यांची पंधरा मिनिटं दिली. दोन्ही माध्यमांची मुलं एकाच पडद्यापुढे. एसी चा मध्य एम घेतला, ओ शी जोडला. ओए आणि ओसी सारखे, एएम आणि सीएम सारखे, ओएम दोघांत सामाईक. कुणीतरी ओरडलं, “बाबाबा!” (बाजू-बाजू-बाजू कसोटी). म्हणजे दोन्ही त्रिकोण एकरूप, एम जवळचे दोन्ही कोन सारखे, एका रेषेवर आहेत म्हणून प्रत्येकी काटकोन. कन्नडच्या एका मुलानं हेच आपल्या भाषेत फळ्यावर लिहिलं. आमच्यात पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. त्यांच्यात दत्त, साधनीय, रचने, साधने. आमची मुलं दोन्ही ताडून बघत बसली.

त्या दिवसापासून वर्गात ‘का?’ बंद झालं. ‘याक?’ म्हणतात. मलाही म्हणतात.

२१ ऑगस्ट

सुरू करून दहा मिनिटांत लाईट गेली. यूपीएसची बॅटरी गेल्या महिन्यात नवी म्हणून घेतली होती, ४,२०० रुपये, पालकांच्या वर्गणीतून. चार मिनिटं चालली. दुकानदार म्हणतो, जोडणी चुकली. जोडणी त्याच्याच माणसानं केली होती. आठवड्याभराची हुज्जत घालून बदलून मिळाली, तीही एका एसटीच्या फेरीत मीच मांडीवर आणली. तास गेला.

११ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर मुलं सगळं विसरून आली असतील असं वाटलं होतं. एस्केप विसरली, याक विसरली नाहीत.

एकरूपतेच्या कसोट्या. बाकोबा, कोबाको, बाबाबा पाठ आहेत. कुणीतरी दर वर्षी विचारतं, ‘बाबाको का नाही?’ आणि मी दर वर्षी ‘चालत नाही’ म्हणून पुढे जाते. या वर्षी जिओजेब्राकडे दिलं.

ए वर ३० अंशाचा कोन, एबी ८, आणि बी केंद्र धरून वर्तुळ, त्याची त्रिज्या सरकपट्टीवर. वर्तुळ कोनाची दुसरी बाजू कुठं छेदतं तिथं सी. मापांशिवाय इथं चालत नाही, म्हणून आजच्या फाईलमध्ये ती मीच आधी घालून ठेवली. अंदाज आधी पेननं. त्रिज्या ४ पेक्षा कमी, सी नाहीच. बरोबर ४ ला एक. ४ आणि ८ च्या मध्ये दोन सी, म्हणजे दोन वेगवेगळे त्रिकोण, दोघांचीही मापं तीच. ८ किंवा त्याहून जास्त, पुन्हा एक.

माझी चूक: सरकपट्टीची पायरी ०.३ अशी भलतीच ठेवली गेली होती, त्यामुळे ती नेमक्या ४ वर थांबतच नव्हती. दोन गटांनी ‘८ च्या आत एकच सी कधीच येत नाही, एकतर नाहीच, नाहीतर दोन’ असा निष्कर्ष काढून ठेवला. पायरी ०.१ केल्यावर सापडला. मग एकानं विचारलं, “४ लाच याक? ३.९ ला का नाही?” बी पासून समोरच्या बाजूवर लंब टाकून बघा म्हटलं. ३० अंशासमोरची बाजू कर्णाच्या निम्मी, हे त्यांनी आपणहून जोडलं नाही, मला सांगावं लागलं. सांगितल्याचं वाईट वाटत नाही. काही गोष्टी सांगाव्याच लागतात.

१८ सप्टेंबर

कोणताही चौकोन, चारही बाजूंचे मध्य जोडा. आत समांतरभुज चौकोन होतो, बाहेरचा कितीही वेडावाकडा ओढा. फ्रान्सच्या वॅरिन्योनचं हे प्रमेय १७३१ मध्ये छापून आलं, त्याच्या मृत्यूनंतर. एवढं साधं काही युक्लिडनंतर दोन हजार वर्षांनी छापलं जातं, यावर मुलांचा विश्वास बसला नाही. “मग आमचं पण छापा,” हा प्रस्ताव आला.

का, ते लवकर निघालं. कर्ण काढला की दोन त्रिकोण, दोन्हीत मध्यबिंदूचं प्रमेय. एका ऊसवाल्याच्या मुलानं वेगळंच विचारलं: बाहेरचं शेत ४० गुंठे असलं तर आतलं किती? त्याचा अंदाज ३०. कागदाचे चार कोपरे कापून मधल्या तुकड्यावर बसवून बघितले, निम्मं निघालं. वीस गुंठे. तो हिशोब वडिलांना सांगणार आहे.

लिहिण्याचं रडगाणं इथं नोंदवते. तोंडी बरोबर सांगणारी मुलं वहीत ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ लिहून त्याखाली कोरं ठेवतात. आता आधी तिघांतल्या एकानं बोलायचं, दुसऱ्यानं तसंच लिहायचं, ‘आहे की’, ‘असणारच’ सकट. तिसऱ्यानं प्रत्येक ‘असणारच’खाली रेघ मारून ‘याक?’ लिहायचं. रेघा संपल्या की मग पुस्तकी भाषेत. एका सिद्धतेला दोन दिवस लागतात. अभ्यासक्रमात मी दोन धडे मागे आहे.

६ नोव्हेंबर

दसऱ्याच्या सुट्टीत कुणीतरी लॅबच्या मशीन साफ केल्या. फाईलीही साफ. पेन ड्राइव्हवर एकच प्रत होती आणि ती घरी माझ्या मुलानं सिनेमासाठी रिकामी केली. सगळ्या फाईली नव्यानं, दोन संध्याकाळी. आता तीन ठिकाणी ठेवते, एक प्रत कन्नड सरांकडे.

२० नोव्हेंबर

त्रिकोणाचे तीन लंबदुभाजक एका बिंदूत मिळतात, मग चौकोनाचे चार मिळतील का? प्रश्न मुलांचाच, ऑगस्टपासून वहीत पडून होता. अंदाज: वर्गाचे निम्मे-निम्मे.

नाही मिळत. पण एका गटानं डी सरकवत सरकवत मिळवले. “झालं, मिळाले!” शेजारच्यानं त्यांच्या पडद्यावर झूम केलं. फट दिसली. पुन्हा जुळवलं, पुन्हा झूम, पुन्हा फट. मग तिघांपैकी एकजण म्हणाला, “डोळ्यांनी नको. ए, बी, सी ची टाकी काढू, ती केंद्र धरून तिघांतून जाणारं वर्तुळ काढू, डी वर्तुळावरच ठेवू.” डी फिका निळा झाला, वर्तुळावरच घसरायला लागला, आणि चारही रेषा कुठंही नेलं तरी एकाच बिंदूत. का, ते सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागलं: चौघेही टाकीपासून सारखेच.

आता समोरासमोरच्या कोनांचं काय? इथं एकानं मापाचं बटण परत मागितलं. जुलैपासून पहिल्यांदाच. “कशाला?” “आमचा अंदाज आहे, तपासायचाय.” वहीत आधीच पेननं लिहिलेलं होतं: ‘ए आणि सी ची बेरीज बदलणार नाही.’ दिलं बटण. १८०. मग स्वतःच बटण सोडून त्यानं केंद्र चारही शिरोबिंदूंना जोडलं. चार समद्विभुज त्रिकोण. पायाचे कोन जोडीनं सारखे, ते क, ख, ग, घ. चौकोनाच्या सगळ्या कोनांत प्रत्येक दोनदा येतो, एकूण ३६०, म्हणून चौघांची बेरीज १८०. ए जवळ क आणि घ, सी जवळ ख आणि ग. झालं.

मी पुस्तकात याची सिद्धता केंद्रीय कोनावरून शिकवते. ही मुलाची माझ्या डोक्यात नव्हती. मनातल्या मनात तीनदा तपासली आणि बरोबर म्हणून सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात चौरसवाल्या मुलीनं उठून त्याच्या मशीनवर जाऊन डी ओढला. चारही बिंदू वर्तुळाच्या एकाच बाजूला आले, केंद्र चौकोनाच्या बाहेर. मापं अजून १८०च दाखवत होती. पण एक त्रिकोण चौकोनाबाहेर पडला होता आणि क, ख, ग, घ ची बेरीज जुळेना.

“प्रमेय आहे,” ती म्हणाली, “सिद्धता मोडली.”

घंटा झाली. कन्नड सर दारात. त्यांना पडदा दाखवला, ते बराच वेळ बघत राहिले आणि काही बोलले नाहीत. कुणी काही पुसू नये म्हणून चार नंबरचं मशीन तसंच चालू ठेवून आलेय. सात नंबरचा माऊस पुन्हा गेलाय, २२० रुपये.